घाटात बंद पडणारी ओम्नी: करंट गेला की पेट्रोल?

हेडफोन लावून ऐकायचा कंटाळा आलेल्यांसाठी, किंवा लोकलमध्ये रेंज जाते म्हणून वाचणाऱ्यांसाठी, हा या भागाचा लेखी मजकूर. बोलता बोलता जे फाफटपसारा झालं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज गाडीवर बोलायचंय. नवी नाही, इलेक्ट्रिक नाही. आमच्या पप्पांची मारुती ओम्नी, 1992 मॉडेल, कार्बोरेटरवाली. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना ओम्नी म्हटलं की हिंदी पिक्चरमधली किडनॅपिंगची गाडी आठवते, माहितीये मला. पण आमच्या घरी ती भाकरी देणारी गाडी आहे. पप्पा बेकरीच्या मालाची लाईन मारतात: पहाटे वाईत ब्रेड, खारी, टोस्ट, नानकटाई भरायची, पसरणी घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर. मधल्या टपऱ्या, हॉटेलं, किराणा दुकानं. लाईन म्हणजे काय, तर सकाळी सातच्या आत ब्रेड पोचला नाही तर दुकानदार दुसऱ्याचा घेतो. आज दुसऱ्याचा घेतला, उद्याही घेतो.

ओम्नीची थोडी ओळख करून देते, कारण पुढचं समजायला लागेल. 1984 ला ही गाडी मारुती व्हॅन म्हणून आली, 1988 ला नाव ओम्नी झालं, 2019 पर्यंत बनत होती. 796 सीसी, तीन सिलिंडर. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आपण अक्षरशः इंजिनवर बसून गाडी चालवतो. नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय आलं. आमच्या गाडीत मात्र जुनी पद्धत: डिस्ट्रिब्युटर, सीबी पॉइंट, कंडेन्सर, एक कॉईल.

तर झालं असं. एका ऑक्टोबरपासून गाडी घाटात बंद पडायला लागली. वाईतून निघायची मस्त. घाट सुरू झाला, चार-पाच किलोमीटर गेलं, की खल्लास. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. पाचगणीला पोचल्यावर कुणाला दाखवावी, तर फर्स्ट सेल्फला चालू! मेकॅनिकसमोर बंद पडेल तर शपथ.

आता घाटात बंद पडणं म्हणजे नुसता उशीर नाही. वळणावर, चढाला, मागे एसटी. पप्पांनी एकदा हँडब्रेक ओढून, उतरून, चाकामागे दगड लावेपर्यंत गाडी हातभर मागे सरकली होती. ते त्यांनी घरी सांगितलंच नाही. आईला कळलं ते दुसऱ्या एका लाईनवाल्याकडून. त्या दिवसापासून घरात एकच विषय: गाडी विकायची आणि महाबळेश्वरची लाईन सोडायची.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. मला पप्पांनी फोनवर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आगं, बटन बंद केल्यावानी जाती. आवाज न्हाई, झटका न्हाई. गेली म्हंजी गेली."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं. मी मोबाईल उघडला, दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि निदान करून मोकळी झाले: व्हेपर लॉक! म्हणजे काय, तर गरमीनं पाईपमधल्या किंवा पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलत बसतो, कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. जुनी गाडी, घाट, इंजिन गरम, सगळं जुळत होतं. मी पप्पांना ठणकावून सांगितलं, पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाका. त्यांनी टाकला. गाडी चालू झाली! मला तर वाटलं मी डॉक्टर.

मग काय, गॅरेजला पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. साडेपाच हजारांच्या आसपास गेले. पुढच्या मंगळवारी गाडी त्याच वळणावर बंद.

इथे मी कुठे चुकले ते सांगते, कारण आजचा सगळा भाग त्याच्यावरच आहे. जो बिघाड गरम झाल्यावर येतो आणि थंड झाल्यावर जातो, त्यात तुम्ही काहीही केलं तरी ते "लागू पडतं". ओला फडका टाका, बॉनेट उघडा, नारळ फोडा. तुम्ही ते करेपर्यंत पंधरा मिनिटं गेलेली असतात आणि गाडी आपोआप थंड झालेली असते. फडक्यानं नाही, वेळेनं चालू झाली. म्हणून अशा गाडीची तपासणी चालू झाल्यावर करून उपयोग नाही, गॅरेजला नेऊन उपयोग नाही. बंद पडली त्या क्षणी, तिथेच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत बघायचं की नेमकं काय गायब झालंय. इंजिनला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. हवा कुठे जात नाही. मग उरलं पेट्रोल किंवा ठिणगी. आमच्याकडे गॅरेजात ठिणगीला "करंट" म्हणतात, तर मी पण करंटच म्हणते.

आणि पप्पांचं ते वाक्य. पेट्रोल कमी पडलं तर गाडी सहसा सांगून मरते. ओढ कमी होते, झटके मारते, खोकते, ॲक्सिलरेटर दाबला की अजून गुदमरते. करंट पूर्ण गेला तर बटन बंद केल्यासारखी जाते. हा शंभर टक्के नियम नाही हां, करंट अर्धवट असला तरी गाडी मिस मारते, झटके देते. पण धागा कुठून पकडायचा ते यातून कळतं. माणूस तीस वर्षं तीच गाडी चालवतोय, त्यानं पहिल्या दिवशी उत्तर दिलं होतं, आणि मी व्हिडिओ बघत होते.

बरं, हा करंट तयार कसा होतो? बॅटरी 12 व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉईल करते. कॉईलच्या आत लोखंडाच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं, प्रायमरी. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं, सेकंडरी. पॉइंट मिटलेले असताना प्रायमरीतून वीज वाहते, चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडले की वीज तुटते, चुंबकत्व झटकन कोसळतं आणि त्या धक्क्यात सेकंडरीमध्ये प्रचंड व्होल्टेज येतं. ते रोटरमार्फत, कॅपमधून, वायरनं त्या-त्या प्लगला. आपल्या तीन सिलिंडरना 1-3-2 या क्रमानं. कंडेन्सर कशाला? पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून पॉइंट जळू नयेत आणि चुंबकत्व पटकन कोसळावं म्हणून. ही पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरची, 1910 च्या कॅडिलॅकपासूनची. म्हणजे आमची ओम्नी ऐंशी वर्षं जुन्या कल्पनेवर धावते.

एक हिशोब करा. तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन फेऱ्यांत एक ठिणगी. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 75 ठिणग्या. पॉइंट सेकंदाला 75 वेळा उघडतात आणि मिटतात. यातली साखळी कुठेही तुटली की गाडी गेली.

पुढच्या शनिवारी मी पप्पांबरोबर पहाटे लाईनवर गेले. पिशवीत चार गोष्टी: एक जुना पण चांगला प्लग, रबरी मुठीची पक्कड, स्वस्तातला मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे 12 व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा. बस. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे मिळतो, घरीही बनतो.

घाटात ठरल्याप्रमाणे बंद पडली. (पहिल्यांदाच गाडी बंद पडल्यावर मला आनंद झाला.) कडेला घेतली, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकामागे दगड, मागे थोड्या अंतरावर पप्पा हात दाखवत उभे.

सगळ्यात आधी बघितलं डॅशबोर्डवर. किल्ली ऑन असताना इंजिन बंद पडलं तर ऑईलचा आणि बॅटरीचा लाल दिवा पेटायला हवा. पेटले नाहीत, तर करंट कॉईलपर्यंत पोचायच्या आधीच गेलाय. इग्निशन स्विच, फ्यूज, बॅटरीची टर्मिनल बघा. जुन्या गाड्यांत किल्लीचा स्विच आतून झिजतो, किल्लीला पाच-सहा चाव्यांचा जुडगा लटकवलेला असतो, आणि खड्ड्यात गाडी बंद पडते. आमचे दोन्ही दिवे पेटले. स्विच सुटला.

मग सीट उचललं. एका प्लगची वायर काढून आपल्याजवळच्या प्लगला लावली, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवलं, पक्कडीनं धरून. पप्पांना सेल्फ मारायला सांगितलं. चांगला करंट असेल तर निळी-पांढरी कडक ठिणगी, टक-टक आवाजासकट. आम्हाला काय दिसलं? काहीच नाही. उन्हात दिसत नसेल म्हणून ओढणीची सावली केली. दोन वेळा बारीक पिवळट ठिणगी, मग तीही नाही.

थांबा, हे घरी करणार असाल तर दोन गोष्टी. पेट्रोलचा वास येत असेल, कुठे गळत असेल, तर ही चाचणी करूच नका. ओम्नीत तर इंजिन सीटखाली, आग लागली तर तुमच्याखालीच लागते. आणि वायर उघड्या हातानं धरू नका. हा झटका जोरात बसतो, आणि पेसमेकर असलेल्या माणसानं जवळही उभं राहू नये.

असो. एका मिनिटात एक गोष्ट नक्की झाली: पेट्रोल नाही, करंट. साडेपाच हजार आणि पाच महिने, आणि उत्तर एका जुन्या प्लगमध्ये.

आता करंट कुठे तुटतोय? टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला, म्हणजे अर्थला. दुसरं टोक कॉईलच्या प्लस टर्मिनलला: बल्ब पेटला. म्हणजे बॅटरीपासून कॉईलपर्यंत ठीक. मग टोक कॉईलच्या मायनसला, जिथून वायर पॉइंटकडे जाते, आणि सेल्फ मारला. इथे बल्ब लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडे तेव्हा पेटतो, मिटले की विझतो. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत. सतत विझलेला राहिला तर पॉइंट चिकटलेत, वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, कंडेन्सर शॉर्ट झालाय, किंवा प्रायमरी आतूनच तुटलीय. आमचा बल्ब छान लुकलुकत होता. म्हणजे पॉइंट काम करतायत, प्रायमरीला ठोके मिळतायत, आणि तरी कॉईलच्या मधल्या जाड वायरला ठिणगी नाही. मग रोटर, कॅप हेही सुटले, कारण ते त्याच्यापुढे येतात. उरली कॉईल. कंडेन्सर मरतुकडा झाला तरी असंच दिसू शकतं, म्हणून त्याला लगेच निर्दोष सोडलं नाही. पण कॉईलला बोट लावलं आणि बोट भाजलं. गरम असते ती, पण एवढी?

वायरी काढून मल्टिमीटर लावला. सेकंडरीचा आकडा स्थिर राहीना. कधी काही दाखवतोय, कधी सर्किट तुटल्याचं. अर्ध्या तासानं थंड झाल्यावर तीच कॉईल आठ-साडेआठ किलोओहम, शांत, सभ्य. म्हणजे आत बारीक तार कुठेतरी तुटलेली, थंड असताना टोकं टेकतात, गरम झाल्यावर फुगून सुटतात.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. कॉईल बदला, घरी जा. पण पप्पा म्हणाले, "कॉईल नवी हाय की. पावसाळ्यात तर टाकली." जुलैत गाडी सकाळी चालू व्हायला त्रास द्यायची, तेव्हा गॅरेजला कॉईल बदलली होती. मग नवीकोरी कॉईल तीन महिन्यांत गरम होऊन का मरायला लागली?

पप्पांची एक सवय आहे, बदललेला पार्ट परत मागून घेतात. आई त्याला भंगार म्हणते. जुनी कॉईल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती. दोन्ही शेजारी ठेवून प्रायमरी मोजली. आधी मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकांना टेकवून बघितल्या; त्या वायरींचाच 0.3 ओहम असतो, तो वजा करायचा, नाहीतर इथे हिशोब चुकतो. जुनी कॉईल: 3 ओहम. नवी: दीड.

नव्या कॉईलवर बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं की बाहेरच्या रेझिस्टरसोबतच वापरा. काही गाड्यांत कॉईलच्या आधी एक वेगळा रेझिस्टर असतो, आणि त्यांना कमी ओहमची कॉईल लागते. आमच्या गाडीत तो नव्हता. वाचलं कुणी नाही. मापाला बसली, गाडी चालू झाली, झालं.

आता साधा ओहमचा नियम, दहावीचा. चालू गाडीत साधारण 14 व्होल्ट. 3 ओहमला भागा: साडेचार-पाच अँपिअर. दीडला भागा: नऊच्या वर. पॉइंट मिटलेले असताना कॉईलमधून दुप्पट वीज, दुप्पट उष्णता. घाटात ट्रकच्या मागे हळू चढताना तर जास्तच, कारण फेरे कमी असले की पॉइंट प्रत्येक वेळी जास्त वेळ मिटलेले राहतात आणि वीज पूर्ण भरते.

आणि मग एक कोडं सुटलं, जे मला सगळ्यात आवडलं. गाडी कधी पंधरा मिनिटांत चालू व्हायची, कधी चाळीस मिनिटं घ्यायची. का? पप्पा बंद पडल्यावर किल्ली ऑनच ठेवायचे, पार्किंगचे दिवे, पुन्हा सेल्फ, वगैरे. इंजिन थांबलं तेव्हा पॉइंट उघडे असतील तर कॉईल शांतपणे थंड होते. पण मिटलेल्या जागी थांबलं, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत साधारण निम्म्या वेळा तसंच थांबतं, तर बॅटरीतून वीज सतत वाहत राहते. 12 व्होल्ट, 8 अँपिअर: 96 वॅट. जुना शंभरचा पिवळा बल्ब आठवतोय? तेवढी उष्णता त्या मुठीएवढ्या डब्यात. गाडी बंद, आणि कॉईल अजून तापतेय. म्हणून पॉइंटवाली कुठलीही गाडी असो, इंजिन बंद असेल तर किल्ली ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका.

दुरुस्तीचं फार काही सांगण्यासारखं नाही. जुन्या कॉईलच्या मापाची, 3 ओहमची नवी कॉईल. दुप्पट विजेनं पॉइंट जळून काळे झाले होते, एका बाजूला खड्डा, दुसऱ्याला टेंगूळ. ते बदलले, सोबत कंडेन्सर. पॉइंटचा गॅप फिलर गेजनं 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या मध्ये ठेवला. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, ते पुन्हा बघावं लागतं. हे काम मी गॅरेजवाल्याकडून करून घेतलं, माझ्याकडे टायमिंग लाईट नाही. आणि पत्र्याच्या डब्यातली जुनी कॉईल? ती ठणठणीत होती.

मग जुलैत चालू का होत नव्हती? डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून केसाएवढी चीर होती, काळी रेघ पडलेली. पाचगणीचं धुकं आणि पाऊस माहितीये ना? ओल बसली की करंट त्या रेघेवरून पळून जायचा. इंजिन तापलं की ओल वाळायची, गाडी नीट. म्हणजे थंड-ओल्या सकाळी त्रास आणि तापल्यावर ठीक, हा एक आजार. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, हा बरोबर उलटा. पहिल्या आजारावर चुकीचं औषध दिलं आणि त्यातून दुसरा आजार झाला. ओलीचा बिघाड बघायचा असेल तर अंधारात इंजिन चालू ठेवून, हात न लावता, वायरी आणि कॅपकडे बघा; निळ्या ठिणग्या बाहेर नाचताना दिसतात. कॅप बदलली, स्वस्त असते.

ज्यांच्याकडे एमपीएफआय ओम्नी किंवा तशी कुठली गाडी आहे: तुमच्याकडे पॉइंट नाहीत, सेन्सर आणि ईसीएम आहे. पण सेन्सरही गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर साळसूद होतो. बाईकच्या सीडीआयचं आणि पल्सर कॉईलचं तेच. पार्ट वेगळे, प्रश्न तोच: आत्ता, या क्षणी, करंट आहे की नाही?

नंतरच्या सोमवारी पप्पा एकटे गेले. मी पुण्यात, फोन हातात. सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, नुसता फोटो. महाबळेश्वरच्या दुकानाच्या फळीवर ब्रेडच्या पुड्या.

त्यानंतर गाडी घाटात एकदाच बंद पडलीय, गेल्या दिवाळीत. पप्पांचा फोन आला, "ह्या येळंला बटन न्हाई. तीन झटकं मारलं, खोकली, आन् मग गेली." मी विचारलं, पेट्रोल? काटा तर निम्म्यावर दाखवतोय म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, तो काटा गेल्या दिवाळीपासून निम्म्यावरच आहे.